लिफ्टच्या सभेत माझी जीभ अडकली त्याची हकीकत

धाकटे,

आधी हे पत्र कोणाचं ते आठव. मी थांबते. आठवलं? तुझी थोरली बहीण, तीच, जिला तू गेल्या महिन्यात पत्र म्हणून धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी पाठवलीस. पाकिटावर पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, आत कागद भलताच. मला अक्षरओळख नाही (हे तरी विसरली नसशील), त्यामुळे तुझं पाकीट दिसल्याबरोबर मी तो कागद अर्धा दिवस उराशी धरून बसले होते. संध्याकाळी नातीने वाचून दाखवला: उशांचे अभ्रे चार, चादरी दोन, पडदा एक, डाग पडलेला. मी म्हटलं, पुढे वाच. ती म्हणाली, पुढे काही नाही, आजी. तोवर डोळ्यांत आलेलं पाणी मला परत आत घ्यावं लागलं. म्हणजे माझं खरं पत्र तुझ्या धोब्याला मिळालं असणार. माझ्या गुडघ्यांची त्याला काळजी लागून राहिली असेल तर सांग, डावा आता बरा आहे.

असो. तुला थोरलीचे आशीर्वाद, तेही बसल्या जागेवरून, कारण उजवा खांदा धरला आहे आणि हात कानाच्या वर जात नाही. तुझा खोकला कसा आहे? रात्री उशी उंच घेतेस का? अभ्रे धोब्याकडून आले का?

हे पत्र नात लिहिते आहे. (थोरल्या मुलाची मुलगी. तू तिला दर वाढदिवसाला रंगपेटी पाठवतेस. ती सव्वीस वर्षांची आहे.) लिहायला बसताना तिने दोन अटी घातल्या. मी सांगेन ते ती जसंच्या तसं लिहील, माझ्या बाजूने एक शब्दही मऊ करणार नाही. आणि तिचं पेन थांबल्याशिवाय मी पुढचं वाक्य सुरू करायचं नाही. पहिली अट मी लगेच मानली, कारण मला लाज वाटते आहे, आणि लाज वाटणाऱ्या माणसाला घासाघीस शोभत नाही. दुसरी अट मात्र जीव खाते. पेन किती हळू चालतं, धाकटे! मी आयुष्यभर समजत होते की लिहिणारे लोक हुशार असतात. ते नुसते धीराचे असतात.

नात बोलताना अडते. हे काय असतं ते तुला समजावणं म्हणजे माशाला पाणी दाखवणं. आपल्या घराण्यात ते वाहत आलं आहे: आपले काका, मग तू, मग एक पिढी सोडून ही. आणि प्रत्येक अडणाऱ्यामागे एक कधीच न अडणारी असते, ती मी. मला या इमारतीत रेडिओ म्हणतात, माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी ते कौतुक समजत होते. नात एखाद्या शब्दावर थांबली की तो शब्द मी पुरवायचा, हा घरातला जुना रिवाज. एकदा ती दारातून आली आणि 'आजी, प...' इथे थांबली. मी पाणी आणलं, पंखा लावला, अंगावर पांघरूण घातलं आणि सुनेला म्हटलं, पोरीच्या पोटात दुखतंय. तिला सांगायचं होतं की परीक्षा पास झाले. ते तिने शेवटी कागदावर लिहून आपल्या आईला दाखवलं, पांघरुणातूनच. त्या वेळी मी फार हसले होते. (ती म्हणते, 'फार' दोनदा हवं. फार फार हसले होते.)

ती चष्म्याच्या दुकानात आहे. चार वर्षं मागच्या खोलीत काचा घासते आणि चौकटीत बसवते. तिथे बोलावं लागत नाही, यंत्रच इतकं किंचाळतं. पण तिला पुढच्या खोलीत यायचं आहे, जिथे डोळे तपासतात. त्याचं सगळं शिक्षण तिने दुकान सांभाळून पुरं केलं आहे. अडचण एकच: डोळे तपासणं हे हाताचं काम कमी आणि तोंडाचं जास्त. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर तो जडशीळ तपासणीचा चष्मा चढवायचा, आणि काच बदलून बदलून विचारत राहायचं: हे स्पष्ट की ते? आता? आणि आता? दुकानाच्या मालकांनी सांगितलं होतं की मुख्य शाखेतल्या मोठ्या बाई एका रविवारी येतील, त्यांच्यादेखत एका गिऱ्हाइकाचे दोन्ही डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून दाखव. जमलं तर पुढची खोली तुझी, नाही जमलं तर बाहेरून कोणी आणू, तू काचा घास.

म्हणून ती एका बाईंकडे जायला लागली. या बाई अडणाऱ्यांना बोलायला मदत करतात, त्याचं रीतसर शिक्षण असतं म्हणे. (आपल्या लहानपणी त्याचं एकच शिक्षण होतं: 'नीट बोल!') त्या बाईंनी तिच्या जुन्या फोनमध्ये एक सॉफ्टवेअर घालून दिलं आणि कानात घालायच्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या दोन बोंडल्या दिल्या. आपण बोललो की आपलाच आवाज पापणी लवेल इतक्या उशिराने आणि जरा जाड होऊन आपल्या कानात येतो, जणू शेजारी उभं राहून कोणी तेच बोलतं आहे. अडणारं माणूस चारचौघांबरोबर एका सुरात वाचताना अडत नाही, हे तर तुझंच उदाहरण आहे. वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना तू घोड्यासारखी धावायचीस. हे यंत्र म्हणजे खिशातला वर्ग. बाईंनी बजावून सांगितलं होतं की हे औषध नाही, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, ही काठी आहे, पाय तुझेच. पण नातीला ती काठी मानवली. पहिल्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून एक सबंध गोष्ट बोलली, दुकानात एका माणसाने दुसऱ्याचाच चष्मा घालून नेला आणि आठ दिवसांनी येऊन म्हणाला की बायको उंच झाली आहे, ती. मुलगा हसला, सून रडली. मी मात्र मधेच शेवट सांगून टाकला. मला तो आधी ऐकून माहीत होता, काय करू?

तीन आठवडे ती घरात सराव करत होती आणि गिऱ्हाईक मी होते. अक्षर न येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे वेगळा तक्ता असतो, त्यावर सगळे तीन दातांचे कंगवे, कोणी वर तोंड करून, कोणी खाली; दात कुठे वळले आहेत ते आपण हाताने दाखवायचं. ती विचारायची, 'आजी, तिसऱ्या ओळीतला...' आणि मी म्हणायची, 'डावीकडे, वर, वर, उजवीकडे, खाली.' चौथ्या दिवशी सगळा तक्ता मला पाठ झाला. तक्ता उलटा टांगला तरी मी तेच सांगत होते. तिने पेन आपटून मला जाहीर केलं की आजी, तुझी नजर घारीची आहे आणि कान दगडाचे.

आता त्या रविवारचं सांगते. घोटभर पाणी पिते. (प्यायले. तिने वाट पाहिली. हा टोमणा आहे, धाकटे, मला कळतो.)

आमची लिफ्ट पाच महिने बंद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध अडकली आहे आणि आत कोणाची तरी सायकल आहे. त्या रविवारी दहा वाजता खालच्या हॉलमध्ये सभा होती आणि म्हाताऱ्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलं होतं. नातीची परीक्षा बाराला. ती साडेदहाला निघणार आणि बोंडल्यांची डबी, फोनसकट, दाराजवळच्या फळीवर तयार ठेवलेली. ती न्हाणीघरात होती. मी दाराशी चप्पल घालत होते. डबी माझ्या डोळ्यांसमोर होती.

माझ्या डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. ज्या यंत्राने अडणारी पोर सरळ बोलते, ते सरळ बोलणारीने लावलं तर ती काय बोलेल! लिफ्ट त्याच दुपारी सुरू होईल. अर्ध्या तासात परत आणून ठेवीन, कोणाला कळणारही नाही. विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती नाही म्हणाली तर? म्हणून विचारलं नाही. (हे वाक्य तिने दोनदा वाचून दाखवायला लावलं... नाही, मी लावलं. तिने नाही.)

जिना उतरतानाच मी बोंडल्या कानात घातल्या आणि वरून रुमाल बांधला. फोन पिशवीत. तो हिरवा गोल दाबताना मी तिला रोज पाहत होते, तो दाबला. पण दाबताना बोट कुठेतरी घसरलं आणि ती पापणी लवण्याएवढी उशिराची जी मात्रा होती, ती एकदम शेवटाला गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी उभी राहिले, टेबलावर हात टेकला आणि म्हटलं, 'मंडळींनो.' माझ्या कानात एक जाड आवाजाची बाई म्हणाली, 'मंडळींनो.' मी वळून पाहिलं, मागे भिंत. मी म्हटलं, 'गेले पाच महिने', तर मी 'महिने'ला पोचले तेव्हा ती 'गेले'वर होती. म्हणून मी तिच्यासाठी थांबले. ती माझ्यासाठी थांबली. मग आम्ही दोघी एकदम निघालो. 'लि', ती 'महिने', मी 'लिलिफ्', ती 'लि', मी 'ललल'. धाकटे, जिभेला कोणीतरी खिळा मारला. शब्द मला समोर दिसत होता, पाटीसारखा टांगलेला, आणि माझं तोंड त्याच्याभोवती मासोळीसारखं उघडत होतं. समोर चाळीस माणसं. आणि त्या चाळिसांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण तो चेहरा मी सव्वीस वर्षं रोज करते. दया, घाई, आणि शब्द पुरवायची खाज. पहिल्या रांगेतून कोणी म्हणालं, 'लिंबू? लिंबूपाणी हवंय?' दुसरं म्हणालं, 'लिहून द्या.' मला!

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उठले. 'आजी, हसून दाखवा बघू.' मी हसले. त्या अवस्थेत जसं हसू येईल तसं, वाकडं. 'दोन्ही हात वर करा.' डावा गेला. उजवा कुठला जातोय, तो खांदा दोन महिने धरलेला. मी सांगायला गेले, 'खां... खांखां...' डॉक्टर ओरडले, 'झटका आहे! अँब्युलन्स बोलवा!'

इथे मला रुमाल सोडून बोंडल्या काढता आल्या असत्या. एका क्षणाचं काम. पण काढल्या तर चाळीस माणसांपुढे कळलं असतं की रेडिओने नातीची काठी पळवली. आजारी म्हणून गेलेलं बरं, चोर म्हणून नको, असा मी हिशोब केला आणि डोळे मिटून स्ट्रेचरवर पडले. लोकांनी इतक्या मायेने उचललं की लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणीतरी माझी चप्पलही छातीवर ठेवली.

त्या वेळी वर नात डबी शोधत होती. फळी, टेबल, पलंगाखाली. अकराला ती तशीच निघाली. (अँब्युलन्स गेली होती दहा मिनिटांपूर्वी, आणि नात मागच्या जिन्याने उतरली म्हणून तिला कोणी भेटलं नाही.) दुकानात तिने मोठ्या बाईंना पहिल्यांदा हेच सांगितलं की मी अडते, आज यंत्र नाही, वेळ लागेल. बाई म्हणाल्या, लागू दे. गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारा ट्रकड्रायव्हर बसला होता, त्याला कसलीच घाई नव्हती. ती अडत होती, पण पुढे जात होती. उजवा डोळा पुरा झाला. डाव्या डोळ्याला पहिली काच लावली आणि दुकानाच्या फोनवर सुनेचा फोन आला (ती बाजारात होती, तिला उशिरा कळलं): आजीला झटका आलाय, दवाखान्यात ये. तिने त्या माणसाच्या नाकावर चष्मा तसाच ठेवला आणि धावली.

मी पडद्यामागे पडले होते. डॉक्टर अजून यायचे होते. बाहेर काउंटरवर मला तिची पावलं ऐकू आली, ओळखीची. तिथल्या बाईने विचारलं, पेशंट कोण? आणि नात अडली. आज तिच्याजवळ काहीच नव्हतं, धाकटे. जे होतं ते माझ्या कानात होतं. ती पुन्हा प्रयत्न करत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. काउंटरवरची बाई म्हणाली, 'लवकर सांगा हो, मागे लोक आहेत.' मी किती वेळ ऐकलं ते सांगता येत नाही. मग मी रुमाल ओढला, बोंडल्या उपटून काढल्या आणि खिडक्या हादरतील अशी ओरडले, 'ती माझी नात आहे! मी इकडे आहे!'

झटका आलेल्या बाईच्या आवाजाने डॉक्टर, नर्स आणि शेजारच्या खाटेवरचा प्लास्टरवाला असे तिघे धावत आले. आणि मला कळलं की तिथेही तिचं वाक्य मीच पुरं केलं.

ती आत आली. तिने माझा चेहरा पाहिला, हात पाहिले, आणि मग माझ्या मुठीतल्या बोंडल्या पाहिल्या. ती बोलायला लागली: 'आजी, तू मा...' आणि थांबली. 'मा'च्या पुढे शंभर शब्द मला सुचत होते आणि शंभरच्या शंभर माझ्याच लायकीचे होते. पण मी एकही दिला नाही. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा लांब काटा मला वाचता येत नाही पण हललेला कळतो. तो हलला. मग ती म्हणाली, 'मागितलं असतंस तर मी दिलं असतं.'

शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते. मी बोंडल्या रुमालाने पुसून तिच्या तळहातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या यंत्राच्या बाईंनी मला समजावलं. ज्याचं बोलणं मुळात अडत नाही त्याच्या कानात त्याचाच आवाज उशिराने घातला की तो अडखळतो. चांगल्या चांगल्यांचं होतं. नात तेच तिच्या भाषेत म्हणाली: दुसऱ्याचा चष्मा घालून जिना उतरू नये. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या आजीला हे माहीत असायला हवं होतं. मोठ्या बाईंना तिने सगळं खरं सांगितलं, आजी आजारी नव्हती हेही. ते सांगायला अख्खा चहा गार झाला, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार दिला. एकदाच. त्यानंतर नाही. मालक आधीच कुरकुरत आहेत.

तर अशी मी आहे. इमारतीत आता मला कोणी रेडिओ म्हणत नाही. जिन्यात लोक विचारतात, 'आता बरं आहे ना, आजी?' आणि मी मान हलवते, कारण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. लिफ्ट अजून बंद आहे. मुलगा माझ्याशी मोजकं बोलतो. सुनेने दाराजवळची फळी काढून माझ्या हाताला लागणार नाही इतकी उंच लावली आहे.

तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद. धोब्यालाही.

तुझी,
थोरली
(अंगठा खाली उठवला आहे. शाई सांडली ती माझी, तिची नाही.)

ता. क. हे सगळं तुला रडगाणं म्हणून लिहिलं नाही. काम आहे. नात आता माझ्यासमोर सराव करत नाही. टांगलेल्या कोटाला खुर्चीत बसवते आणि त्याला विचारते, हे स्पष्ट की ते. कोट घाई करत नाही, पण उत्तरही देत नाही. तिला जिवंत म्हातारं माणूस हवं आहे, ज्याचे डोळे खरोखर अधू आहेत आणि ज्याला वाट बघता येते. तू ये. शुक्रवारच्या आधी आठ दिवस ये. जिने तीन आहेत, दर मजल्यावर खुर्ची ठेवायला मुलाला सांगितलं आहे. यंत्र लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी तिला तुझे डोळे तपासायचे आहेत. (हे तिने मला सांगितलं नाही. मीच म्हणते आहे. तिचं पेन थांबलं आहे. लिही गं. विचारते तुला: बोलावू का? ... हो म्हणाली. मी थांबले होते, हेही लिही.)

ता. क. दुसरा. त्या पडद्यामागे मला तू आठवलीस, ते वर सांगायचा धीर झाला नाही. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या, तू अकराची, मी चौदाची. मोठ्या गावच्या शाळेत जाशील का, असं त्यांनी तुला विचारलं. तू अडलीस. आणि मी म्हटलं, 'तिला नाही जायचं.' बाई चहा पिऊन गेल्या. तू अडली होतीस म्हणून मी मदत केली, असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही. तसं नव्हतं. मला चुलीपाशी ठेवलं होतं आणि तू जाशील, हे मला बघवत नव्हतं. तू तेव्हा काय म्हणत होतीस ते मला ठाऊक आहे. पण ते तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आलीस की एकदा ते वाक्य माझ्यासमोर पुरं कर. मग पुढे शिव्या दिल्यास तरी चालेल. मी मधे बोलणार नाही.

ता. क. तिसरा. मधे बोलणार नाही हे मी म्हटलं खरं, पण माझा स्वतःवर भरवसा नाही. म्हणून तुझ्या अंगणातले अंजीर वाळवून पाठव, चांगले दोन डबे, तू यायच्या आधी पोचतील असे. चिवट हवेत, पुढचे दात अजून माझेच आहेत. मऊ पाठवू नकोस. मऊ लगेच गिळून होतात.